सूचिपर्णी की रुंदपर्णी? मातीतला कार्बन मोजण्याआधी

पाइन, स्प्रूससारख्या सूचिपर्णी झाडांखाली कार्बन बराचसा वरच्या पाचोळ्यातच साचतो. सुया सावकाश कुजतात, थर जाड होत जातो आणि नवखा माणूस तो थर पाहूनच मातीत भरपूर कार्बन आहे असं समजतो. वणवा लागला की आधी हाच साठा जातो. मॅपल, लिंडनसारख्या रुंदपर्णी झाडांची पानं लवकर कुजतात, गांडुळं ती खाली ओढतात. तिथे कार्बनचा मोठा वाटा मातीच्या बारीक कणांना चिकटून टिकतो. म्हणून नमुने घेताना पाचोळा एका पिशवीत, माती दुसऱ्या. कार्बनच्या नुसत्या टक्केवारीने भागत नाही, मातीची घनता मोज, दगड वजा कर. वरवर खरवडून निष्कर्ष काढू नकोस, निदान 30 सेंटिमीटर खोल जा. आणि हो, जंगल जुन्या शेतावर लावलेलं आहे का, ते आधी विचारून घे. नाहीतर झाडापेक्षा जुन्या नांगरटीचाच परिणाम मोजत बसशील!