आरपार रस्ता की बंद गल्ली?

प्रश्न : बेसा परिसरात आम्हा तिघा भावांचे पाच एकर वडिलोपार्जित शेत आहे आणि तेथे लेआउट पाडायचा आहे. आर्किटेक्टच्या पहिल्या नकाशात समोरच्या डांबरी रस्त्यापासून निघालेला सुमारे १८० मीटरचा रस्ता मागच्या बांधाशी शेजारच्या लेआउटच्या रस्त्याला मिळतो. दुसऱ्या नकाशात तितक्याच लांबीच्या दोन बंद गल्ल्या आहेत. थोरल्या भावाच्या मते शांततेमुळे बंद गल्लीतले प्लॉट लवकर विकले जातील. जमीन मागे उतरती असून पावसाळ्यात बांधाशी पाणी साचते, एवढी एकच अडचण आहे. कोणता नकाशा निवडावा?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : ज्या गोष्टीला आपण ‘एवढी एकच अडचण’ म्हणता, तिनेच माझ्या मते निकाल लावून टाकला आहे. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार बंद गल्ली फक्त निवासी भागात आणि सरळ रस्त्यावरच चालते, आणि तिचे बंद टोक सुरुवातीच्या टोकापेक्षा उंच असावे लागते. कारण उघड आहे : टोक खोल असेल तर सगळ्या गल्लीचे पाणी शेवटच्या दोन-चार घरांच्या फाटकात उतरते आणि त्याला पुढे वाट नसते. त्यात आपल्याकडची काळी माती पाणी लवकर मुरू देत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडल्यावर खोलगट वस्त्यांत काय झाले, हे नागपूरकरांना सांगायला नको. तेथे कारण वेगळे होते, पण पाण्याला वाट लागते हे दोन्हीकडे खरे.

गल्ली दीडशे मीटरच्या पुढे गेली की मध्ये आणखी एक वळणजागा, म्हणजे गाडी वळवण्याची जागा, सोडावी लागते, आणि ती किमान ८१ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ८७० चौरस फूट हवी. दीड हजार फुटांच्या प्लॉटच्या निम्म्याहून ही जागा मोठी झाली. ती वाचवली, तर कचरागाडी आणि पाण्याचा टँकर रोज उलटे बाहेर पडतील. शिवाय गल्लीच्या बंद टोकाला रस्ता ज्याच्यावर थेट येऊन आदळतो, त्या प्लॉटला आपल्याकडे वास्तुशास्त्रात वीथीशूळाचा दोष मानतात, आणि माझा विश्वास असो वा नसो, गिऱ्हाईक तो भाव पाडून मागते.

आपल्या थोरल्या बंधूंची बाजू मात्र पोकळ नाही. रहदारी नसलेल्या गल्लीत मुले खेळतात, हे खरेच आहे. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात १९२९ मध्ये वसलेल्या रॅडबर्नमध्ये बंद गल्ल्या याच विचाराने आखल्या गेल्या. पण तेथे घरांच्या दुसऱ्या बाजूने पायवाटा बागेपर्यंत जात होत्या, त्यामुळे अडत असे ते फक्त मोटारीचे. पुढे अनेकांनी बंद टोक तेवढे उचलले आणि पायवाट सोडून दिली. मग भिंतीपलीकडच्या दुकानातून दूध आणायलाही मोठा वळसा पडू लागला.

म्हणून रस्ता आरपारच ठेवावा, पण तो बंदुकीच्या नळीसारखा सरळ नसावा. मध्ये एक वळण घालावे आणि मोकळी जागा त्या वळणावर आणावी. त्यामुळे सिग्नल टाळण्यासाठी आत शिरणाऱ्याला वेग घेता येणार नाही. लांबी वाढली की रस्त्याची रुंदीही वाढवावी लागते, तेव्हा एखाद-दुसरा प्लॉट कमी होईल, हे धरून चालावे. शेजारच्या मंजूर लेआउटचा रस्ता आपल्या बांधाशी येऊन थांबला असेल, तर तो पुढे जोडून घ्यायला मंजुरी देणारे प्राधिकरण बहुधा सांगेलच. त्यामुळे बंद गल्लीचा नकाशा परत येण्याची शक्यताही आहे.

एक काम मात्र आधी करावे : मोजणीदाराकडून बांधापर्यंतच्या पातळ्या घेऊन त्या नकाशावर लिहवून घ्याव्यात, आणि शेजारच्या रस्त्याची गटार आपल्या टोकापेक्षा खाली आहे की वर, हे पाहावे. ती वर असेल, तर रस्ता जोडूनही पाणी आपल्याच बांधाशी थांबेल, आणि मग नाल्यापर्यंत स्वतंत्र गटार काढण्याचा खर्च तिघांनी आजच हिशेबात धरला पाहिजे.