ॲक्सेस पॉइंट बसवताना आधी वीजपुरवठा पाहा

वाय-फायचा सिग्नल पसरवणारे ॲक्सेस पॉइंट हे उपकरण बसवण्याचे काम नव्याने हाती घेणारे बहुतेक जण सिग्नल कुठवर पोहोचेल याचाच विचार आधी करतात. माझ्या मते मात्र ॲक्सेस पॉइंटला वीज कशी मिळणार, हे सर्वप्रथम ठरवावे. नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देणारी पीओई पद्धत वापरणार असाल, तर उपकरणाच्या माहितीपत्रकात पीओईच्या मानकांपैकी ८०२.३एएफ लिहिले आहे की ८०२.३एटी, ते नीट वाचा. एएफ प्रकारात नेटवर्क स्विचच्या (केबल जिथून वीज घेते त्या उपकरणाच्या) पोर्टवर १५.४ वॅट मिळत असले तरी केबलमधील घट धरून उपकरणाला १२.९५ वॅटचीच हमी असते. एटीमध्ये हेच आकडे ३० आणि २५.५ आहेत. २४ व्होल्टचे पॅसिव्ह इंजेक्टर, म्हणजे केबलमध्ये वीज सोडणारे साधे ॲडॉप्टर, समोर कोणते उपकरण आहे हे न तपासताच वीज सोडतात, म्हणून ते भलत्या उपकरणाला कधीही जोडू नका.

केबल शुद्ध तांब्याचीच घ्या. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, परंतु तिचा रोध अधिक असल्याने ती जास्त तापते आणि कनेक्टर बसवताना तिच्या तारा सहज तुटतात. एकूण लांबी १०० मीटरच्या आत ठेवा.

गच्चीवर बसवायचे असल्यास केबल भिंतीत शिरण्यापूर्वी तिला खाली झोल द्या, म्हणजे पावसाचे पाणी आत न जाता तिथूनच ठिबकेल. विजेच्या अचानक उसळीपासून उपकरण वाचवणारा सर्ज प्रोटेक्टर अवश्य लावा आणि तो इमारतीच्या अर्थिंगला जोडण्याचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. काम कितीही अडलेले असले, तरी ढग गडगडत असताना शिडीवर मुळीच चढू नका.