ओट्सला चव नसते म्हणणाऱ्यांनी ते भाजलेलेच नसतात

तुम्ही विचारलंय की पाकिटातला मसाला न वापरता नाश्त्याला चवदार ओट्स घरी कसे करायचे. दुधात शिजवले की गिचका होतो, मुलं खात नाहीत, आणि रात्री भिजवून ठेवले तर चालेल का, हेही विचारलंय.

आधी भाजा. दूध, पाणी, मसाला या सगळ्याच्या आधी ओट्स कोरडे भाजा. रवा न भाजता सांजा करणारी बाई आमच्या ठाण्यातल्या नौपाड्यात शोधून सापडणार नाही, पण त्याच स्वयंपाकघरात ओट्सचा पुडा फोडून थेट पातेल्यात ओततात आणि वर म्हणतात, याला चवच नाही. कुठल्या धान्याला न भाजता, न परतता, मीठसुद्धा न घालता चव येते?

एवढ्या तावातावाने लिहितेय, कारण यावरून आमच्या घरात बरीच वादावादी झाली आहे. माझे सासरे, अप्पा, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात आयुष्यभर पाळ्या केलेला माणूस. सुट्टीच्या दिवशी मामलेदारची मिसळ, तीही तिखटच. त्यांची अँजिओप्लास्टी झाली आणि घरी सोडताना आहाराचा एक कागद हातात मिळाला. नाश्त्यापुढे फक्त ‘ओट्स’ लिहिलेलं. कसे करायचे, कशात करायचे, एक अक्षर नाही. एका कष्टकरी माणसाची सगळी सकाळ बदलायची आणि त्यासाठी एकच शब्द, याचा मला आजही राग येतो.

धाकटी नणंद घोडबंदर रोडला राहते. तिने लगेच मसाला ओट्सच्या पाकिटांचा खोका आणून ओट्यावर ठेवला. तिचा वडिलांवर फार जीव आहे, त्याबद्दल वाद नाही. पण मी पाकीट उलटं करून घटक वाचले. मीठ होतं, साखर होती, माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे पिष्टापासून केलेली पूड, होती. आणि त्या आहाराच्या कागदावर पुढच्याच ओळीत ‘मीठ कमी’ लिहिलेलं! धडधाकट माणसानेही दिवसभरात सगळं मिळून 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मग नाश्त्यालाच पाकिटातलं मीठ कशाला? मी पाकिटं नको म्हटलं. तर ती म्हणाली, “मग साधे दुधात शिजवून दे ना वहिनी. औषध म्हणून खायचेत, चव कशाला बघायची?”

तेही करून दिले. अप्पांनी दोन घास खाल्ले आणि वाटी बाजूला सरकवली. “हे बघ, मला आजाऱ्याचं ताट नको. मी बरा होऊन घरी आलोय.”

ते वाक्य मला लागलं. ज्या माणसाने कधी ताटात काही टाकलं नाही, त्याने वाटी सरकवली म्हणजे काहीतरी चुकतंय, आणि ते त्याचं चुकत नाहीये. दुसऱ्या दिवशी मी जांभळी नाक्यावरून साधे जाड रोल्ड ओट्स आणले. ‘क्विक’ लिहिलेले घेऊ नका, ते पातळ लाटलेले असतात आणि पाणी लागताच त्यांचा लगदा होतो. जाड कढईत मंद आचेवर, हात न थांबवता, कच्चा वास जाऊन खमंग वास सुटेपर्यंत आणि रंग बदामीकडे झुकेपर्यंत भाजले. रोल्ड ओट्स गिरणीत आधीच वाफवून दाबलेले असतात. म्हणजे भाजायचं ते शिजवायला नाही, निव्वळ चवीसाठी.

मग आपली नेहमीची फोडणी. चमचाभर शेंगदाणा तेल, मोहरी, जिरं, हिंग, भरपूर कढीपत्ता, उडीद डाळ, हिरवी मिरची, आलं. कांदा लालसर होईपर्यंत परतायचा, घाईत पांढरा ठेवायचा नाही. मटार, गाजर, असेल ते. अर्धा चमचा गोडा मसाला, हा माझा हट्ट आहे. उकळतं पाणी घालायचं आणि मीठ त्या पाण्यातच टाकायचं, म्हणजे ते दाण्यात मुरतं. उपम्यासारखे मोकळे हवे असतील तर ओट्सएवढंच पाणी, सरसरीत हवे असतील तर दुप्पट ते अडीचपट. ओट्स घातले की एकदाच हलवा, झाकण ठेवा, दोन-तीन मिनिटांनी गॅस बंद. सारखं ढवळलं की त्यातला बीटा-ग्लुकन नावाचा चिकट तंतू आणि पिष्ट पाण्यात उतरतं. तुमचा गिचका तिथेच होतो. वरून लिंबू, कोथिंबीर, थोडं ओलं खोबरं. लिंबू आणि आलं असलं की मीठ कमी आहे हे जिभेला कळतही नाही.

अप्पांनी पुन्हा मागून घेतले. त्या रविवारी नणंद आली होती, तिनेही खाल्ले. आणि खाऊन झाल्यावर म्हणाली, “छान झालेत, पण वहिनी, रोज एवढा वेळ कुणाला आहे?”

मला! मी रोज सकाळी ठाण्याहून वाशीची लोकल पकडते, मलाही ऑफिस आहे. रविवारी किलोभर ओट्स भाजून, गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवायचे. भाजी रात्री चिरून ठेवायची. सकाळी एका बाजूला चहा ठेवला की दुसऱ्या बाजूला हे उरकतं. पाकीट यापेक्षा पाच मिनिटं वाचवतं, आणि त्या पाच मिनिटांत बाई काय करते तर फोन बघते. हे मी तिला तोंडावर सांगितलं आहे, इथेही सांगते.

मुलांसाठी गोड हवं असेल तर भाजलेले ओट्स आधी पाण्यात शिजवा, मग गरम दूध घाला, चिमूटभर मीठ घालाच. गूळ गॅस बंद केल्यावर आणि थोडं निवल्यावर, नाहीतर दूध फाटेल. वेलची-जायफळ. उन्हाळ्यात मी शिजवलेले ओट्स पूर्ण गार करून ताकात कालवते आणि वरून लसूण-जिऱ्याची फोडणी देते. अप्पांना आता तेच जास्त आवडतात.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. कोलेस्टेरॉलसाठी खात असाल तर दिवसाला 3 ग्रॅम बीटा-ग्लुकन लागतं असं मानतात. त्यासाठी साधारण 75 ग्रॅम कोरडे ओट्स लागतात, म्हणजे एका वाडग्यात निम्मंच काम होतं. ओट्स सुरू केले म्हणून गोळी बंद करायची नाही, अप्पांची गोळी चालूच आहे. मधुमेह असेल तर क्विक ओट्स नकोतच, त्यांनी साखर लवकर वाढते. गव्हाची ॲलर्जी किंवा सीलिॲक (गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन न सोसण्याचा आजार) असेल तर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिलेलेच घ्या, कारण ओट्समध्ये गहू मिसळलेला असू शकतो. आणि सवय नसताना एकदम मोठा वाडगा खाल्ला तर पोट फुगतं, हळूहळू वाढवा.

रात्री भिजवून फ्रिजमध्ये ठेवलेले ओट्स चालतात, त्यात बिघडत काही नाही. मला सकाळी गार नाश्ता घशाखाली उतरत नाही, त्यामुळे त्याचं प्रमाण आवडीने खाणाऱ्या कुणाला तरी विचारा. फक्त ते करणार असाल तरी ओट्स आधी भाजून घ्या.