नवीन मॅच एअर पिस्तूल घेतल्यावर पहिला अनुभव कसा असतो? गुण लगेच वाढतात का?

तुम्ही विचारले आहे की क्लबचे जुने पिस्तूल सोडून स्वतःचे 10 मीटरचे एअर पिस्तूल घेतल्यावर सुरुवातीला काय फरक जाणवतो, गुण लगेच वाढतात का, आणि स्टेयर कंपनीचे घ्यावे की मोरिनीचे. शेवटच्या प्रश्नावर मला फारसे बोलायचे नाही. पहिल्या दोन प्रश्नांवरून मात्र आमच्या नागपुरातल्या रेंजवर एका ज्येष्ठ सदस्यांशी माझा जो वाद झाला तो आजतागायत मिटलेला नाही, त्यामुळे हे उत्तर लांबणार आहे.

गुण लगेच वाढत नाहीत. बहुतेकांचे आधी कमीच होतात, आणि दोष पिस्तुलाचा नसतो.

मी क्लबचे रशियन इझ-46 वापरत होतो. त्यात प्रत्येक शॉटआधी खालचा दांडा ओढून हवा दाबावी लागते, आणि 60 शॉटच्या सामन्यात अखेरीस खांद्याची काय अवस्था होते ते ज्याने भोगले त्यालाच ठाऊक. स्टेयर एलपी 10 आले तेव्हा हा सगळा व्याप संपला. हवेचा सिलिंडर 200 बार दाबापर्यंत भरलेला असला की छोटी कळ उघडायची, पेलेट, म्हणजे शिशाची छोटी गोळी, ठेवायचे आणि कळ बंद करायची, एवढेच काम उरते. पण मला खरा धक्का बसला तो शॉट सुटल्यावर. आत झटका शोषणारी यंत्रणा असल्यामुळे पुढची साइट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची पट्टी, मागच्या खाचेतून जवळजवळ हलतच नाही, आणि ट्रिगरचा पहिला टप्पा संपून दुसरा सुटतो त्या क्षणी साइट कुठे होती हे लख्ख दिसते. जुन्या पिस्तुलात आठवर गेलेल्या शॉटसाठी मी दांड्याला, थकव्याला किंवा पेलेटला जबाबदार धरत असे. नव्यात तशी सोय राहत नाही.

खोक्यात कारखान्याचे चाचणी-कार्ड येते. पिस्तूल शिकंज्यात आवळून 10 मीटरवरून मारलेल्या शॉटचे त्यावर एकच फाटके भोक असते, पेलेटच्या 4.5 मिलिमीटरपेक्षा थोडेसेच मोठे. आपल्या टार्गेटवरचे दहाचे वर्तुळ 11.5 मिलिमीटरचे असते. म्हणजे नावाजलेले कोणतेही पिस्तूल शिकंज्यात धरले तर सगळे शॉट दहातच जाणार, आणि तरीही लोक रेंजवर तासन्‌तास या कंपनीची नळी चांगली की त्या कंपनीची यावर घसा कोरडा करतात. शिकंज्याच्या जागी तुमचा हात येतो, आणि हात व पिस्तूल यांच्यामध्ये येते ती लाकडी ग्रिप. वाद तिथेच सुरू झाला.

मी डोळे मिटून हात वर नेई आणि डोळे उघडी, तेव्हा पुढची साइट खाचेच्या मधोमध असण्याऐवजी दर वेळी उजव्या कडेला चिकटलेली असे. मनगट वळवून ती मध्ये आणता येते, पण तसे साठ वेळा करणे म्हणजे साठ वेळा चुकण्याची संधी घेणे. म्हणून तळहाताला खडूची पूड लावून मी ग्रिप घट्ट धरली. मनगटाजवळच्या भागाने लाकडावर ठळक पांढरा डाग उमटवला आणि तळहाताच्या मध्यभागाची जागा कोरीच राहिली. याचा अर्थ मागे लाकूड जास्त होते आणि मध्ये पोकळी होती. मी ग्रिपचा स्क्रू काढला आणि कानस हातात घेतली.

ते ज्येष्ठ सदस्य, म्हणजे आमचे काका, शेजारच्याच लेनवर होते. "अरे, लाखाच्या वर पैसे मोजलेस आणि कानस लावतोस? उद्या विकायला काढलेस तर काहून घेईल कोणी?" असे ते सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. सहा महिन्यांत हातच लाकडाला सरावतो, असे त्यांचे मत होते. माझे मत असे की हात सरावतो तो सरावाच्या दिवशी. सामन्याच्या दिवशी घाम आणि धडधड सुरू झाली की तो आपल्या मूळ ठेवणीवर येतो. मी मागचे लाकूड थोडे थोडे घासले, पोकळीत एम-सील भरले आणि ते ओले असतानाच वर पातळ प्लास्टिक ठेवून ग्रिप दाबून धरली. अक्रोडाच्या देखण्या लाकडावर राखाडी ठिगळ दिसते, हे मान्य. पण साइट खाचेच्या मध्ये आली आणि तिथेच राहिली.

त्यांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली, कूलरच्या घरघरीत सराव करताना हात सुजल्यासारखा होतो, आणि तेव्हा घट्ट बसवलेली ग्रिप डिसेंबरात सैल वाटते. म्हणून शेवटचा थोडा भाग घासायचा ठेवावा आणि बाकीचे पाम शेल्फचा, म्हणजे तळहाताखालच्या सरकत्या टेकूचा, स्क्रू फिरवून जुळवावे. भर घालताना नियमही विसरू नका: पाम शेल्फ किंवा अंगठ्याचा आधार वर वळवून हाताला कवटाळता येत नाही, आणि संपूर्ण पिस्तूल 420 × 200 × 50 मिलिमीटरच्या पेटीत बसावे लागते. ट्रिगर 500 ग्रॅमपेक्षा हलका चालत नाही, त्यामुळे नेमका 500 वर न ठेवता थोडा वर ठेवा.

आता स्टेयर की मोरिनी. 2021 मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये मनू भाकरचे इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचे मोरिनी ऐन पात्रता फेरीत बिघडले तेव्हापासून आमच्याकडे इलेक्ट्रॉनिक ट्रिगर नको म्हणणारे वाढले आहेत, पण बिघडायचे ते यांत्रिकही बिघडते. दोन्ही हातात धरून पाहा, ज्याच्या ग्रिपमध्ये बोटांखाली कमी फट राहील ते घ्या, आणि मापात शंका असेल तर जिथे भर घालण्याऐवजी लाकूड काढावे लागेल ते माप घ्या, कारण लाकूड काढणे भर टिकवण्यापेक्षा सोपे असते.

विकण्याचे म्हणाल तर ग्रिप सुटी मिळते आणि घेणारा आपल्या मापाची बसवून घेतो. जुने पिस्तूल बघताना आधी सिलिंडरवरची तारीख वाचा, कारण बहुतेक निर्माते त्याला 10 वर्षांचीच मुदत देतात. काकांनी जपलेले पिस्तूल सध्या विक्रीला आहे. त्याचे लाकूड कोरे करकरीत आहे, सिलिंडरची मुदत केव्हाच संपली आहे, आणि भाव विचारणारा प्रत्येक जण पहिल्यांदा तीच तारीख पाहतो.