ख्रिस्ती माणसाने कोर्टात शपथ घ्यावी का? येशूने तर नको म्हटलंय

म्हापशाच्या कोर्टात साक्ष द्यायची असेल तर बिनधास्त जा. बायबलात मत्तय ५:३३-३७ मध्ये येशू म्हणतो, शपथच वाहू नका, होय तर होय, नाही तर नाही. याकोब ५:१२ मध्येही तेच. पण प्रेषित पौल स्वतः देवाला साक्षी ठेवतो (२ करिंथ १:२३), म्हणून कॅथलिक चर्च गंभीर आणि न्याय्य कारणासाठी शपथ चालवून घेतं. क्वेकर, मेनोनाइट हे ख्रिस्ती पंथ मात्र अजिबात घेत नाहीत.

येशूचा खरा रोख बाजारातल्या सवयीवर आहे: ‘देवाची आण, बांगडे आजचेच!’ गिऱ्हाईक कल्ले उघडून बघतं, तर ते तपकिरी. आण घातली की उरलेलं बोलणं आपोआप संशयात जातं.

तरी मन खात असेल तर शपथ अधिनियम, १९६९ च्या कलम ५ प्रमाणे ‘ईश्वरसाक्ष शपथ’ऐवजी ‘गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा’ घेता येते. पिंजऱ्यात चढण्याआधीच वकिलाला सांगा. प्रतिज्ञापत्रात गडबड होते ती टायपिंगमध्ये: तयार मसुद्यात ‘शपथेवर’ छापलेलं असतं, सहीआधी बदलून घ्या. शपथ घ्या वा प्रतिज्ञा, खोट्या साक्षीची शिक्षा सारखीच, सात वर्षांपर्यंत.