‘मोठा गिअर’ म्हणजे नेमका कोणता? मागच्या आसाची शब्दचर्चा

मिशिगनमधल्या एका वाचकाने विचारलं आहे: “माझ्याकडे १९७० ची शेव्हर्ले शेव्हेल आहे. इंजिन मोठं व्ही-एट, तीन गिअरची ऑटोमॅटिक, मागे बारा बोल्टचा एक्सल आणि त्यात ३.०८ चा रेशो. तो काढून ३.७३ बसवावा म्हणतो. कोल्हापूरच्या काकांनी आयुष्यभर ट्रक चालवला. त्यांना फोनवर ‘हायर गिअर टाकतोय’ असं सांगितलं, तर ते म्हणाले, ‘म्हणजे पळेल जास्त, पण चढाला दम लागेल.’ मला नेमकं उलटं सांगायचं होतं. हे मराठीत कसं सांगायचं? आणि ‘रिअर अ‍ॅक्सल रेशो’ला मराठी शब्द काय?”

काकांनी जे ऐकलं त्याचा त्यांनी बरोबर अर्थ लावला. आपल्याकडे वरचा गिअर म्हणजे चौथा-पाचवा, आणि घाट आला की आपण खालच्या गिअरवर येतो. हा वर-खालीचा हिशोब गिअरच्या क्रमाचा आहे. रेशो म्हणजे आत येणारे किती फेरे झाले की बाहेर एक फेरा मिळतो तो आकडा, आणि तो मात्र क्रमाच्या उलट चालतो. तुमच्या ऑटोमॅटिकमध्ये पहिल्याचा आकडा साधारण २.४८ असेल आणि शेवटच्याचा १. गिअर वर जातो तसा आकडा खाली येतो. मागच्या एक्सलला क्रमच नाही, तिथे दातेरी चाकांची एकच जोडी आहे. तिथे ‘हायर’ म्हटलं की कुणी आकडा ऐकतो, कुणी गिअर ऐकतो, आणि दोघांचे अर्थ एकमेकांविरुद्ध जातात. अमेरिकेतल्या गॅरेजांमध्येही हा घोटाळा नेहमीचाच आहे, म्हणून तिथली जाणती माणसं ‘टॉल’ आणि ‘शॉर्ट’ म्हणतात. ३.०८ टॉल, ४.१० शॉर्ट.

ते शब्द उचलून ‘उंच गिअर’ आणि ‘बुटका गिअर’ करावेत का? मला ते पटत नाही. मराठी कानाला ‘उंच’मधून काहीच दिसत नाही. इंजिनाचा एक फेरा झाला की गाडी किती पुढे जाते, ही इथली खरी गोष्ट. त्यासाठी आपल्याकडे फार चांगला शब्द पडून आहे: ढांग.

तुमच्या गाडीवरच करून बघू. टायरचा व्यास २६ इंच धरा. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी सुमारे २ मीटर ७ सेंटिमीटर पुढे जाते. शेवटच्या गिअरला गिअरच्या पेटीतून एकास एक येतं, म्हणून ३.०८ असेल तर चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिनाला ३.०८ फेरे मारावे लागतात. म्हणजे इंजिनाच्या दर फेऱ्याला गाडी ६७ सेंटिमीटर पुढे. ३.७३ ला ५६ सेंटिमीटर. ४.१० ला जेमतेम ५१. हे आकडे बघून मी स्वतः थबकलो, कारण माणसाचं चालतानाचं पाऊल साधारण एवढंच असतं. इंजिन अक्षरशः ढांगा टाकत चाललेलं आहे. ३.०८ हा लांब ढांगेचा गिअर, ४.१० हा आखूड ढांगेचा.

हा शब्द घेतला की बाकीचं सांगावंच लागत नाही. आखूड ढांगेने माणूस ओझं घेऊन चढ चढतो, सपाटीवर मात्र त्याला पावलं फार टाकावी लागतात. ताशी १०५ किलोमीटरला तुमचं इंजिन ३.०८ वर मिनिटाला सुमारे २,६०० फेरे घेईल, ३.७३ वर ३,१५०, ४.१० वर ३,४५० च्या पुढे. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि पेटी यांना तेलातून जोडणाऱ्या कन्व्हर्टरची घसर धरली तर याहून थोडे जास्तच. सिग्नलवरून सुटताना हिशोब उलटा होतो. पहिल्या गिअरचे २.४८ आणि मागचे ३.०८ यांचा गुणाकार ७.६ येतो, ३.७३ घेतले तर ९.३. इंजिनाचा पीळ (टॉर्क) तितक्या पट होऊन चाकाला मिळतो, म्हणून गाडी जागेवरून झेपावते.

सायकलवाल्यांमध्ये ‘जड गिअर’ आणि ‘हलका गिअर’ चालतं आणि तिथे ते अगदी योग्य आहे, कारण जडपणा पायाला कळतो. मोटारीसाठी मात्र मी ‘हलका’ टाळेन. “एक्सलमध्ये हलका गिअर टाकलाय” म्हटलं की ऐकणारा पहिल्यांदा हलक्या प्रतीचा माल समजेल. ‘मोठा’ आणि ‘लहान’ तर गिअरला लावूच नयेत. मोठा काय, आकडा की ढांग? आकड्याबद्दल बोलायचं असेल तर सरळ ‘आकडा मोठा’ म्हणावं. त्यात गोंधळाला जागा नाही.

आता काकांशी बोलण्याचा खरा मार्ग सांगतो. ट्रकच्या धंद्यात मागच्या जोडीला रेशो म्हणत बसत नाहीत. ते ‘क्राऊन-पिनियन’ (मोठं दातेरी चाक आणि त्याला फिरवणारं लहान चाक) म्हणतात आणि दाते मोजून बोलतात. टाटाच्या ट्रकची ‘सहा-एक्केचाळीस’ची जोडी, ‘सात-एक्केचाळीस’ची जोडी. पिनियनला सहा दाते, क्राऊनला एक्केचाळीस. भागाकार केला तर ६.८३ येतो, पण तो करायची त्यांना गरज पडत नाही. सात दात्यांचा पिनियन सहाच्या पिनियनपेक्षा क्राऊनला एका फेऱ्यात जास्त ढकलतो, हे त्यांच्या डोळ्यांसमोर असतं.

तुमचे अमेरिकन आकडेही मुळात असेच भागाकार आहेत. दशांश चिन्हामुळे ते गूढ वाटतात एवढंच. शेव्हर्लेच्या बारा बोल्टमध्ये ३.०८ म्हणजे तेरा-चाळीस. ३.५५ म्हणजे अकरा-एकोणचाळीस. ३.७३ म्हणजे अकरा-एक्केचाळीस, आणि ४.१० म्हणजे दहा-एक्केचाळीस. योगायोग पाहा, टाटाच्या क्राऊनचे एक्केचाळीस दाते इथेही आहेत. तेव्हा काकांना असं सांगा: “काका, मागची जोडी तेरा-चाळीसची होती, ती काढून अकरा-एक्केचाळीस बसवतोय.” पुढचं ते तुम्हाला सांगतील.

आकडा तोंडाने उच्चारायचा तर ‘तीन पूर्णांक सात तीन’ हे शाळेत ठीक. गॅरेजात ‘तीन त्र्याहत्तर’ म्हणा, तिकडेही तसंच म्हणतात. ४.१० ला ‘चार दहा’. ३.०८ मधला शून्य मात्र गाळू नका. ‘तीन आठ’ ऐकून कुणी ३.८ समजला तर सगळंच बिघडेल.

‘रेशो’साठी लेखनात गुणोत्तर हाच शब्द घ्यावा. ‘प्रमाण’ इथे चालवतात, पण शाळेच्या गणितात दोन गुणोत्तरं समान असली की ती प्रमाणात आहेत असं म्हणतात. हा भेद आपल्या भाषेत तयार आहे तर तो पुसायचा कशाला? बोलताना ‘रेशो’ म्हणायला काहीच हरकत नाही, तो आता मराठीच झाला आहे.

‘अ‍ॅक्सल’साठी शब्द हवाच असेल तर ‘आस’ आहे. पृथ्वीचा आस आपण भूगोलात शिकलो, तोच हा. संस्कृत ‘अक्ष’ आणि इंग्रजी ‘अ‍ॅक्सल’ ही एकाच जुन्या मुळाची भावंडं आहेत, त्यामुळे अगदी परका शब्द घरात आणल्यासारखंही होत नाही. लिंग मात्र सांभाळा. तो आस चाकाचा, ती आस मनाची. ‘मागच्या आसाचं गुणोत्तर’ बरोबर, ‘मागच्या आसेचं’ लिहिलंत तर ती कुठली तरी जुनी ओढ होईल.

तुम्ही शब्दच विचारलात, पण निवडीबद्दल दोन गोष्टी बोलल्याशिवाय राहवत नाही. १९६०-७० च्या दशकांत डेट्रॉइटचे कारखाने या एका आकड्याला किती महत्त्व देत याचं माझं आवडतं उदाहरण फोर्डचं आहे. १९६९ मध्ये ४२८ कोब्रा जेट इंजिनाच्या मस्टँगला ग्राहकाने ३.९१ किंवा ४.३० चा आस मागितला, की कारखाना इंजिनात अधिक दणकट कनेक्टिंग रॉड घालायचा, बाहेर ऑइल कूलर बसवायचा, आणि इंजिनाचं नाव ‘सुपर कोब्रा जेट’ व्हायचं. मागचे दाते बदलले म्हणून पुढच्या इंजिनाचं नाव बदललं! इंजिन आखूड ढांगेने सतत वरच्या फेऱ्यांवर राहणार, हे त्यांना माहीत होतं.

सगळ्यांना हवी असते आखूडशिंगी, बहुदुधी गाय: सिग्नलवर झेपावणारी आणि हायवेवर शांत चालणारी. शेवटचा गिअर एकास एक असलेल्या तुमच्या पेटीत ती मिळणार नाही. रोजचा प्रवास हायवेचा असेल तर मी ३.५५ वर थांबेन. १०५ च्या वेगाला सुमारे ३,००० फेरे, आणि ३.०८ पेक्षा सुरुवात कितीतरी जोरदार. ४.१० फक्त शर्यतीच्या पट्टीवर जाणाऱ्यासाठी. शिवाय बारा बोल्टमध्ये ३.०८ पासून ३.७३ पर्यंतच्या जोड्या एकाच कॅरिअरवर, म्हणजे क्राऊन धरणाऱ्या भागावर, बसतात, ४.१० ला मात्र कॅरिअर वेगळा लागतो किंवा मुद्दाम जाड केलेला क्राऊन.

ती गाय हवीच असेल तर आस सोडून पेटी बदला. जनरल मोटर्सची १९८२ पासूनची ७००-आर-४ ही चार गिअरची ऑटोमॅटिक घ्या. तिचा पहिला ३.०६, चौथा ०.७०. तुमच्या ३.०८ च्या जोडीसकट तिचा पहिला गुणाकार ९.४ येतो, म्हणजे जुन्या पेटीवर ३.७३ लावून मिळाला असता त्याहून थोडा जास्तच. आणि तिच्यामागे ३.७३ ठेवलात तर चौथ्यात एकूण २.६१ उरतात. ढांग थेट ७९ सेंटिमीटरची. अर्थात मोठ्या व्ही-एटचा पीळ सोसायला ती पेटी आतून मजबूत करून घ्यावी लागते.

जोडी बदलाल त्या दिवशी स्पीडोमीटरचा छोटा गिअरही बदलायला सांगा. तो पेटीच्या मागच्या टोकावरून फेरे मोजतो, चाकावरून नाही. ३.०८ चा तसाच राहिला तर गाडी ८३ ने चालली असताना काटा शंभर दाखवेल.