चूक झाली की महिनाभर स्वतःला खात राहते. स्वतःशी मायेनं वागणं म्हणजे आपलेच लाड नाहीत का?

तुम्ही लिहिलंय की घरचं, सोसायटीचं सगळं करते, पण हातून काही चुकलं की मन खात राहतं. अशा वेळी स्वतःवर माया करणं हे लाड वाटतात, आणि त्यातून लोकांसाठी करुणा कशी यायची तेही कळत नाही. मला हे २०२४ च्या पुरात कळलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी बडोद्याची. दांडिया बाजारात वाढले, आता कारेलीबागेत तळमजल्यावर राहते. त्या वर्षी गोकुळाष्टमीचा पाऊस थांबेचना. विश्वामित्री नदी पात्राबाहेर आली आणि मंगळवारी आमच्या उंबऱ्यावरून पाणी घरात शिरलं. आम्ही दोघं गव्हाचा डबा, शेगडी, सासूबाईंची औषधं, हाताला लागेल ते माळ्यावर चढवत होतो. त्या धांदलीत फोन वाजला. आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशींचा. त्या नदीकाठच्या वस्तीत राहतात. मी नाव बघितलं आणि नंतर करू म्हणून ठेवून दिला. दुपारी वीज गेली, फोन बंद पडला. दोन दिवसांनी कळलं की मावशी नातवाला घेऊन एका शाळेच्या वरच्या मजल्यावर बसून होत्या. फोन केला होता तो "तुमच्याकडे येऊ का" हे विचारायला.

पाणी ओसरलं, तो फोन मात्र डोक्यातून जाईना. मग मी मदतीच्या कामात स्वतःला झोकून दिलं. सकाळी खिचडीची पातेली, दुपारी पाकिटं, संध्याकाळी याद्या. मावशींकडे दोन गाद्या, साड्या, तांदूळ, नवी शेगडी पाठवली. रात्री झोप नाही, सासूबाईंवर विनाकारण खेकसायचे. मावशी समोर आल्या की मी नजर वळवायचे. आठवडाभर त्यांच्यासाठी धावत होते आणि तुम्हाला काय हवंय, हे एकदाही विचारलं नव्हतं.

शेवटी त्याच म्हणाल्या, "ताई, गादी टाकायला जमीन कुठं वाळलीय अजून? पोराचे कागद भिजलेत, ते बघता का?"

मुलाची दहावीची गुणपत्रिका, रेशनकार्ड, भाडेकरार, सगळं एका गोळ्यात चिकटलेलं. आम्ही फरशीवर जुनं धोतर अंथरलं आणि बसलो. भिजलेला कागद ओढायचा नाही, पुसायचा नाही. कोपऱ्याखाली सुरी हलकेच सरकवत एकेक पान सोडवायचं, दोन पानांमध्ये कोरं सुती कापड घालायचं आणि उन्हात न ठेवता पंख्याच्या वाऱ्याला वाळू द्यायचं. उन्हात कागद आखडतो. तीन तास गेले. हात कामात होते, नजर खाली होती, म्हणूनच मला बोलता आलं. "मावशी, तुमचा फोन मी बघितला होता. मुद्दाम घेतला नाही."

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी पण शेजारच्या आजीचं दार दोनदा वाजवलं आणि निघाले. तिला पोरांनी नंतर काढलं, बरी आहे. पण मला ते दार दिसतं रात्री."

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथं सापडलं. पाचव्या शतकात बौद्ध आचार्य बुद्धघोषांनी पाली भाषेत लिहिलेल्या विसुद्धिमग्ग या ग्रंथात करुणेचे दोन शत्रू सांगितलेत. क्रौर्य हा लांबचा शत्रू, तो लगेच ओळखू येतो. जवळचा शत्रू म्हणजे खिन्नता; ती करुणेसारखीच दिसते, म्हणून घरात शिरते. माझा तो आठवडा तसा होता. गाद्या मावशींसाठी नव्हत्याच, माझी टोचणी थांबावी म्हणून होत्या. त्याच ग्रंथात मैत्रीची, म्हणजे सगळ्यांचं भलं व्हावं ही, भावना स्वतःपासून सुरू करायला सांगितलंय, आणि कारण फार साधं दिलंय: मला सुख हवं असतं, दुःख नको असतं, तसंच इतरांनाही, याला आपण स्वतःच साक्षीदार. म्हणजे तो लाड नाही. दुसऱ्याचं दुःख ओळखायची ती पहिली पायरी आहे.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये आत्मकरुणेचे तीन भाग मांडले: स्वतःशी मायेनं बोलणं, माणूस म्हटला की चुकतो याची जाणीव, आणि वेदना आहे तेवढीच बघणं. मी रात्री अंथरुणावर तीन वाक्यं म्हणते. घरात पाणी होतं, मी घाबरले होते. घाबरलेली मी एकटी नव्हते. फोन घेतला नाही, एवढंच घडलं, मी वाईट बाई आहे असं नाही. लाड असते तर मी माफी टाळली असती. ही वाक्यं म्हणायला लागल्यापासून माफी मागणं मला सोपं जातं, आणि फरक ओळखायची माझी खूणही हीच आहे.

आता समाजाचं. मदतीच्या याद्या करताना आमच्यात "आधी आपली मराठी घरं" असा सूर निघाला होता. मला तेव्हाही आवडला नाही आणि आजही राग येतो. सयाजीरावांच्या संस्थानानं १९१३ मध्ये आंबेडकरांना कोलंबियाला शिकायला पाठवलं, आणि १९१७ मध्ये ते नोकरीसाठी इथं आले तेव्हा याच शहरात जातीमुळे त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून हुसकावल्यावर ते कमाटीबागेत झाडाखाली बसले होते. दरबारानं शिष्यवृत्ती दिली, पण दार शेजाऱ्यानं उघडायचं होतं. झाडाखालची ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. बागेत फिरायला जाताना मी तिथं थांबते.

पुढच्या पावसाळ्याआधी मावशींनी आणि मी एक कागद केला. पाणी चढू लागलं की कुणी कुणाला फोन करायचा, त्यांच्या वस्तीतली सहा घरं आणि आमच्या बिल्डिंगमधली चार. तो आमच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलाय. त्या आजींकडे फोन नाही. त्यांच्या नावापुढं मावशींनी सांगितलं तसं मी लिहिलंय: दार उघडेपर्यंत वाजवायचं.